पिंट्याच्या मानेची रेघ

चिपळूणला परत आल्यापासून ज्याला त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटलेय. दूधवाल्याला सांगून झाली, शेजारच्या काकूंना दोनदा सांगून झाली, आणि आमचे हे तर आता मी तोंड उघडलं की चप्पल घालून बाहेर पडतात. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढावी. ज्यांनी नगर जिल्हा पाहिला नाही, पोळा पाहिला नाही आणि ट्रॅक्टरला मान हलवताना तर मुळीच पाहिलं नाही, त्यांच्यासाठी.

आधी माझं सांगते. मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक भिशी लावतात, भजनी मंडळात जातात. मी कोड शिकले. कोडने चित्रं काढते. म्हणजे हातात ब्रश नसतो. संगणकाला नियम लिहून द्यायचा, 'या ठिपक्यापासून निघ, दर पावलाला इतकं वळ, पुढच्या रेघेला अडलास तर थांब', आणि एंटर दाबून बसून राहायचं. पडद्यावर रेघा उगवायला लागतात. नियम मीच लिहिलेला असतो, तरी पुढे काय निघणार ते मला ठाऊक नसतं, आणि त्या दोन मिनिटांत मला जो आनंद होतो तो या वयाला शोभत नाही. हल्ली सगळे विचारतात, "एआयनं काढलं का?" नाही हो. एआयला सांगायचं 'बैल काढ'. मी सांगते 'असं चाल'. या दोन्हींतला फरक मलाही नीट कळला तो राहात्याला गेल्यावर.

जायचं कारण शैला. ही माझी पुण्यातल्या होस्टेलची मैत्रीण. राहात्याजवळच्या एका गावात पेरूच्या बागायतदार घरात पडली आणि तिथलीच झाली. तिचा फोन आला तो नमस्कार-चमत्कार न करताच. "वृंदे, तात्या पोळ्याला घराबाहेर येत नाही म्हणतात. तू ये."

तात्या म्हणजे तिचे सासरे. गावच्या पोळ्यात पहिला मान यांच्या घराचा. वेशीत तोरण बांधतात, त्याखालून पहिली जोडी यांची जाते, मग बाकी गावाची. जन्मभर तात्या त्या जोडीमागून चालले. यंदा मात्र जोडीच नव्हती. तात्यांचे गुडघे गेले, शेताचं सगळं ट्रॅक्टरवर होतं, बैलांच्या मागे राबायला माणूस मिळेना. उन्हाळ्यात पिंट्या आणि मल्हारी विकले. मल्हारी हे नाव तात्यांनी ठेवलेलं, पिंट्या नातवाने. विकल्यापासून तात्यांनी बैलांचं नाव काढलं नव्हतं. आता शैलाचा नवरा बबन म्हणत होता की ट्रॅक्टर सजवून तोरणाखालून नेऊ. अर्ध्या गावाचे ट्रॅक्टरच असतात हल्ली. त्यावर तात्या म्हणाले होते, "न्या. लोखंडाचा पोळा करा. मी घरात झोपतो."

"म्हणजे मी काय करायचं?" मी विचारलं.

"तो ट्रॅक्टर असा सजव की ते उठून बाहेर आले पाहिजेत," शैला म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

नगर

शैला मला घ्यायला नगरला आली होती, आणि खरेदीलाही. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, मी कंडक्टरला विचारलं, "अहिल्यानगर आलं का?" तर तो म्हणाला, "नगर आलं, उतरा."

कोकणातल्या माणसाला इथे पहिला धक्का आभाळाचा बसतो. आमच्याकडे कुठेही बघा, नजर चार पावलांवर डोंगराला जाऊन आपटते. इथे नजर सुटते ती सुटतेच. मला तर उगाच दोन्ही हात पसरून उभं राहावंसं वाटत होतं, पण डाव्या हातात लॅपटॉप होता आणि उजव्या हातात शैलासाठी आणलेला फणसाच्या साठांचा डबा.

बाजार पोळ्याने नुसता पेटला होता. घुंगरमाळा, झुली, शिंगांना लावायचे रंग, कपाळाला बांधायची बाशिंगं आणि गोंडे. लाल, हिरवे, गुलाबी, डोळे दिपतील असे. आमच्याकडे गुरांचे लाड होतात ते दिवाळीच्या पाडव्याला, आणि तेही झेंडूची माळ आणि अंगावर चार ठसे इतपतच. इथे बैलाचा थाट नवरदेवाच्या वर. मी वेड्यासारखी लाल गोंडे घेत सुटले.

"अगं, बैल कुठेत आपल्याकडे?" शैला म्हणाली.

"ट्रॅक्टरला बांधू," मी म्हटलं. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आणखी दोन घेतले.

दुपारी शैलाने एका खाणावळीत शिपी आमटी, म्हणजे इकडची झणझणीत डाळीची आमटी, खाऊ घातली. माझ्या कोकणी जिभेला खोबरं म्हणजे ओलं. इथे ते सुकं, भाजून, काळ्या मसाल्यात वाटलेलं. पहिल्या घासाला मी खोकले, दुसऱ्याला रडले, तिसऱ्याला आणखी वाढा म्हणाले.

राहाता

तात्या ओसरीवर पाठ करून निजले होते. उंच, सडपातळ, डोक्याला टोपी झोपेतसुद्धा. शैलाने ओळख करून दिली. त्यांनी मान न वळवता विचारलं, "कोकनात भात लावून झाला का?"

"झाला."

"बरं झालं," एवढं बोलून ते पुन्हा भिंतीकडे. मला त्यांचा राग आला नाही. रुसलेली माणसं मी वर्गात जन्मभर पाहिली आहेत. जी भिंतीकडे तोंड करतात त्यांचे कान आपल्याकडेच असतात.

बबनने मला दुसऱ्या दिवशी राहात्याच्या बाजारात अन्वरभाईंकडे नेलं. अन्वरभाई रेडियमवाले. मोटरसायकलवरची नावं, टेम्पोच्या मागचे शेर, ट्रॅक्टरवरचे वाघ, सगळं यांच्या हातचं. त्यांच्याकडे कापणारं यंत्र होतं: पेनच्या जागी सुरीचं टोक, ते चिकट रंगीत कागदावर सरसर फिरतं आणि आकार कापून देतं. मी ते यंत्र बघून जी काय हरखले! माझ्या घरी असलेल्या रेघा काढणाऱ्या यंत्राचा हा सख्खा भाऊच की. तालुक्याच्या गावात, रसवंतीच्या शेजारी.

अन्वरभाईंना मात्र माझ्या हरखण्याचं काही विशेष वाटलं नाही. "ताई, कशाला डोकं चालवता? एआयला सांगा, दोन मिनिटात बैल देतंय." त्यांनी मोबाईलवर सांगितलंच. आला बैल. तालमीतल्या पैलवानासारखा फुगलेला, नाकातून धूर निघणारा. आम्ही तिघे वाकून बघत होतो. बबनने डोकं खाजवलं. "अन्वर, ह्याला वशिंडच न्हाई."

खरंच नव्हतं. पाठ सपाट, गादीसारखी. अन्वरभाईंनी पुन्हा सांगितलं, वशिंड पाहिजे. पुढचा बैल आला तो दोन वशिंडं घेऊन. अन्वरभाई इतके हसले की स्टुलावरून उतरून खाली बसले. "उंट झाला ताई! उंटाचा पोळा करता का?"

फोटोवरून काही करावं म्हटलं तर घरात पिंट्या-मल्हारीचा धड फोटो नाही. आहेत त्यात पुढे माणसं दात काढून उभी आणि मागे एक शिंग. मी बबनला म्हटलं, "नुसतं तोंडी सांग. पिंट्या कसा होता?"

तो रंगाबद्दल, शिंगांबद्दल काही बोललाच नाही. उठला, दुकानासमोरच्या रस्त्यावर उतरला आणि चालून दाखवायला लागला. "पिंट्या असा. चार पावलं नीट, मंग मान वर झटकायचा. चार पावलं, झटका. जू हिसकायचा लेकाचा. आन् मल्हारी असा," असं म्हणून तो मान खाली घालून शांत, झुलत चालत गेला. समोरचा भेळवाला चकित होऊन बघत होता.

आणि मला लखकन उमगलं. बैल काढायचाच नाही. चाल काढायची.

सोनई

जोडी सोनईत सिंधुबाईंच्या घरी गेली होती, हे बबनला ठाऊक होतं. पण तिथे चाललोय हे तात्यांना सांगायची सोय नव्हती. विकलेल्या बैलाला बघायला जात नाहीत, ते मागे लागतात, असं ते म्हणत. म्हणून मी आणि शैला "देवाला जाऊन येतो" सांगून निघालो. देवाच्या वाटेवर भलती गर्दी होती, त्यामुळे देवाला बाहेरूनच हात जोडले, म्हणजे अगदीच खोटं झालं नाही.

सिंधुबाई ठणठणीत बाई, माझ्याच वयाच्या, लालभडक लुगडं नेसलेल्या. बैलगाडीने गुरांसाठी हिरवा घास आणत होत्या. आम्ही काय मागायला आलोय ते ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला नाही की हसल्या नाहीत. फक्त विचारलं, "बैलाचं चालनं मोबाईलमदी धरायचं? बरं. जेवलात का?"

हुलग्याच्या शेंगोळ्या आणि बाजरीची भाकरी. शेंगोळ्या म्हणजे पिठाची वळलेली जाडसर शेव, लसणाच्या रश्श्यात शिजवलेली. आमच्याकडे कुळथाचं पिठलं करतात, त्याच धान्याचं हे दुसरं रूप. मी तीन वेळा घेतलं आणि मग बैलांसमोर मागे मागे चालायला उभी राहिले, ही माझी पहिली चूक.

युक्ती अशी होती. नगरच्या बाजारातले लाल गोंडे दोघांच्या एकेका शिंगाला बांधायचे. बैल चालतील, मी समोरून चित्रीकरण करीन. मग माझा कोड प्रत्येक चित्रात लाल ठिपका शोधेल, तो कुठून कुठे गेला ते टिपेल, आणि त्या प्रवासाची रेघ काढेल. शिंगाचं टोक जसं हललं तशी रेघ. ऐकायला किती सोपं!

सिंधुबाईंनी गाडी हाकली. मी मोबाईल धरून उलट्या पावली चाललेय, शैला ओरडतेय "डावीकडे खड्डा आहे", पिंट्या खरंच चार पावलांनी मान झटकतोय आणि गोंडा आभाळात उडतोय, मी आनंदाने किंचाळतेय, आणि पाटाच्या चिखलात मी बसकन बसले. बैल माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले. मल्हारीने माझ्या डोक्याचा वास घेतला. खोबरेल तेलाचा असणार, त्याला नवा.

झाडाखाली बसून लॅपटॉप उघडला, नियम चालवला. रेघ उगवायला लागली. सुंदर, डौलदार, डावीकडे उजवीकडे झुलणारी, मध्येच एका बाजूला कलणारी. मी म्हटलं, हा कोणता बैल? मग लक्षात आलं. कोडला लाल रंग शोधायला सांगितलं होतं. त्याने सगळ्यांत मोठा लाल शोधला. गाडीवर बसलेल्या सिंधुबाई!

त्यांना दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून ती रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवली. "ही मी व्हय? गाडीत बसून एवढी हालते?" मग स्वतःशीच हसून म्हणाल्या, "आमचे मालक म्हनतात तू एका जागी बसतच न्हाईस. खरंच हाय की." त्यांनी त्या रेघेचा फोटो आपल्या मोबाईलवर पाठवून घेतला आणि आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आल्या.

दुसऱ्या खेपेला जमलं. दोन रेघा पडद्यावर उमटल्या. डावीकडची नदीसारखी, सखल आणि सावकाश. उजवीकडची चार लहान लाटा आणि एक उसळी, चार लाटा आणि एक उसळी. शैला माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने तोंडाला पदर लावला. "अगं, हा पिंट्याच," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पडद्यावर दिसलं तसं नाव देऊन टाकलं: एक डावी, एक उजवी. ही माझी दुसरी चूक, पण ती तेव्हा कोणाला कळली नाही.

निघताना सिंधुबाईंनी पोळ्याचा विषय काढला. "तात्यांना म्हनावं, काळजी करू नका. दोघांची दृष्ट मी रोज काढते." आम्ही म्हटलं, तात्यांना सांगता येत नाही, आम्ही देवाला आलोय. तर त्या म्हणाल्या, "मंग देवानं निरोप दिला म्हनावं."

पुन्हा राहाता

अन्वरभाईंच्या यंत्रावर माझ्या रेघा घातल्या, सुरी फिरली, कागद बाहेर आला आणि त्यातून काहीच निघेना. नुसत्या चिरा. माझ्या घरचं यंत्र पेनने काढतं. पेनच्या रेघेला आपोआप जाडी असते. सुरीच्या रेघेला कुठली? इतकी वर्षं गणित शिकवून मी विसरले की रेषेला रुंदी नसते. पोरांना पाटीवर लिहून द्यायचे मी हे.

मग दुकानातच बसून नियम बदलला. रेघेला दोन काठ द्यायचे. आणि मनात आलं, जाडी सगळीकडे सारखी कशाला? मान जिथे वेगाने हलली तिथे रेघ जाड, जिथे सावकाश तिथे बारीक. पुन्हा चालवलं. पिंट्याच्या प्रत्येक झटक्याला रेघ फुगली, चाबकाच्या वादीसारखी. मल्हारीची एकसारखी, भरीव. मग एका रेघेच्या वर तीच रेघ थोडी सरकवून, तिच्यावर आणखी, अशा अनेक. सबंध बॉनेट भरेल इतक्या. अन्वरभाई आता स्टुलावरून उतरून माझ्या शेजारी येऊन बसले होते. "ताई, हे तर पान्यावानी हालतंय," म्हणाले. आणि इतका वेळ एआयचं कौतुक करणारा हा माणूस सुईने नको तो कागद रेघेमधून उचलायला बसला, ते दुकान बंद करायची वेळ झाली तरी मान वर करेना. मी मदतीला एक रेघ उचलली ती तुटली. मला त्यांनी चहा आणायला पाठवलं.

त्या संध्याकाळी गावात खांदेमळणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, जू वाहून दुखलेल्या खांद्याला, आणि त्यांच्या कानात सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." हे ऐकून मला इतकं गोड वाटलं की मी शेजारच्या तीन गोठ्यांत जाऊन तीन जोड्यांना आवतण देऊन आले. तात्या मात्र ओसरीवर भिंतीकडे तोंड करून होते. शैलाने हळदीची वाटी भरून त्यांच्या उशाशी ठेवली. ती तशीच राहिली.

पोळा

दुपारी बबन ट्रॅक्टर घेऊन अंगणात आला. लाल ट्रॅक्टर, त्याच्या बॉनेटच्या दोन्ही अंगांना पिवळ्या-पांढऱ्या रेघा, चाकांवरच्या पत्र्यापर्यंत वाहत गेलेल्या. दिव्यांना गोंडे. ऊन पडलं की रेघा सरकल्यासारख्या वाटत. गल्लीतल्या बायका जमल्या. "काय नक्षी हाय गं!" कोणी म्हणे समुद्र, कोणी म्हणे ज्वारीचं रान. मला नुसतं उडायला झालं होतं.

पण शैलाचं लक्ष ओसरीकडे. वेशीत हलगी वाजायला लागली. मानाचा ट्रॅक्टर पोचल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. बबन ओसरीवर जाऊन आला, मान हलवली. "न्हाई म्हनतात."

शैलाचा चेहरा पडला. मी एवढी लांबून आलेली, चिखलात बसलेली, आणि तात्या भिंतीकडेच. माझाही आनंद फुस्सकन गेला. बबनने ट्रॅक्टर सुरू केला, फाटकाकडे वळवला. ट्रॅक्टरची उजवी बाजू ओसरीसमोरून गेली.

"आरं थांब! थांब!"

तात्या. अनवाणी, टोपी वाकडी, गुडघ्यांवर हात दाबत पायऱ्या उतरत होते. ते ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाला गेले, नाक लागेल इतके जवळ. मग पुढून वळसा घालून डाव्या अंगाला. मग परत उजव्या.

"कुनी जुपले हे?"

"काय तात्या?" बबनने इंजिन बंद केलं.

"बैल उलटे जुपलेत! पिंट्या उजवीकडं कदी चालला का? जन्मात न्हाई चालला. पिंट्या डावा, मल्हारी उजवा. जू बदललं की दोघंबी अडून बसतात."

मी शैलाकडे पाहिलं, शैलाने बबनकडे. कोणी सांगितलं नव्हतं. त्या रेघा पिंट्या-मल्हारीच्या आहेत हे आम्ही तिघं, अन्वरभाई आणि सोनईच्या सिंधुबाई सोडून कोणालाही माहीत नव्हतं, आणि तात्यांना तर आम्ही देवाला गेलो होतो.

"तात्या, ते नुसतं डिझाईन हाय," बबन चाचरत म्हणाला.

"डिझाईन मला शिकवतो व्हय? हे बघ. हितं मान झटकली. हितं झटकली. ही काय नक्षी हाय? आन् हा खालमान्या मल्हारी. मी ह्यांच्या मागनं चाललोय का तू?"

मला तिथे ओरडून नाचावंसं वाटत होतं आणि जमिनीत गडपही व्हावंसं वाटत होतं. चूक माझीच. मी समोरून चित्रीकरण केलं होतं. माझी उजवी ती बैलांची डावी. बैलांकडे माणूस मागून बघतो. पुढून बघते ती फक्त कोकणातून आलेली बाई. ते मी कबूल केलं, सोनईचंही कबूल केलं. तात्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच.

"त्यांनी वळखलं का शैलाला?"

"मल्हारीने माझ्या डोक्याचा वास घेतला," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"घेतो. नव्या मान्साचा घेतो." तात्यांनी टोपी सरळ केली. "पन हे असं वेशीतनं न्यायचं न्हाई. उलटी जोडी घेऊन मानाला जायचं, लोक काय म्हनतील?"

रेडियम ओढून काढलं तर फाटणार. नवं कापायला वेळ नाही. हलगी आता चिडल्यासारखी वाजत होती. बबनचा धीर सुटला. "मंग काय आता? ट्रॅक्टर उलटा चालवू का?"

तात्या क्षणभर ट्रॅक्टरकडे बघत राहिले. "चालव," म्हणाले.

आणि मी गणिताची बाई, बोटांनी हवेत ट्रॅक्टर काढून बघितला आणि किंचाळलेच: बरोबर आहे! उलटं चाललं की उजवी बाजू डावी होते!

त्या गावाने आजवर पुष्कळ पोळे पाहिले असतील. पण मानाचा ट्रॅक्टर रिव्हर्स गिअरमध्ये, गुरगुरत, गोगलगाईच्या गतीने वेशीकडे निघालेला पहिल्यांदाच. बबन मान मुरगळून मागे बघत चालवतोय, घामाघूम. मी आणि शैला दोन्ही बाजूंनी "डावीकडे घे, नाली आहे" ओरडतोय. एका दारातून कोणी विचारलं, "बबनचा गिअर अडकला काय रं?" आणि तात्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की प्रश्न दारातच राहिला.

कारण तात्या ट्रॅक्टरच्या पाठोपाठ चालत होते. बॉनेट त्यांच्याकडे तोंड करून. डाव्या हाताला पिंट्या, उजव्या हाताला मल्हारी. खुंटीवरचा चाबूक गुंडाळून खांद्यावर टाकलेला. मागून खऱ्या बैलांच्या जोड्या घुंगरं वाजवत येत होत्या. तात्यांचे गुडघे दुखत असणार, पण ते थांबले नाहीत. बॉनेटवर डावा हात टेकला आणि तसेच चालत राहिले. ट्रॅक्टर तोरणाखाली आला तेव्हा बबनने जरा जास्त दाबलं, आणि मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, तात्या हळूच म्हणाले, "हळू, पिंट्या. हळू." ट्रॅक्टरच्या टपाला लागून तोरण तुटलं, आंब्याची पानं सगळ्यांच्या डोक्यावर पडली आणि हलगीवाल्याने अशी काही वाजवली की मी, सासू झालेली बाई, भर वेशीत नाचले. शैलाही नाचली. कोकणात कोणाला सांगू नका म्हणणार होते, पण आता लिहिलंच.

घरी आलो तेव्हा पोटात आग पडली होती. पुरणपोळ्या, कटाची आमटी, कुरडया, भजी. ताटं मांडलेली, पण कोणी बसेना. मी शैलाला खुणेने विचारलं. ती कानात म्हणाली, पोळ्याला बैल जेवल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही, आणि तात्यांनी हा नेम कधी मोडलेला नाही. बबनने नैवेद्याचं पान ट्रॅक्टरसमोर ठेवलं होतं. तात्या त्याकडे बघत उभे होते. आम्ही सगळे तात्यांकडे बघत उभे. पोळ्या गार होत होत्या.

"बबन," तात्या म्हणाले, "सोनईला फोन लाव."

बबनने लावला आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानापासून लांब धरला, म्हणून पलीकडचा सिंधुबाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"बाई, तात्या बोलतोय राहात्याचा. जेवले का ते?"

"आत्ताच जेवले बघा तात्या. पिंट्यानं मल्हारीच्या पानातली पोळी बी ओढली."

"ओढनारच. त्याला आदी वाढायची नसते. मल्हारीला आदी वाढायची." तात्यांनी डोळे पुसले, कोणापासून न लपवता. "तूप लावलं हुतं का?"

"भरपूर."

"बरं," तात्या म्हणाले. फोन बबनला देऊन ते ताटावर जाऊन बसले. "वाढ गं शैला. कोकनच्या बाईंना आदी वाढ."